एक दिवसाची मुदत

मी उतावळी आहे हे आईने फार लवकर ओळखलं होतं. चुलीवरचा भात शिजला की नाही ते बघायला मी इतक्यांदा झाकण काढायची, की ती म्हणायची, "तुझ्या हातचा भात कधी शिजायचा नाही, आणि तुला धीर कधी यायचा नाही." भात पुढे जमला. धीराचं तिचं बोलणं मात्र खरं ठरलं, आणि ते कुणाला भोवलं ते सांगायलाच मी हे लिहायला बसले आहे.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी धुळ्याच्या एका कॉलेजात संगणक विभागात होते. विभाग म्हणजे मी, सहा संगणक आणि एक वातानुकूलन यंत्र, जे फक्त प्राचार्य पाहुणे घेऊन आले की चालू व्हायचं. आमच्या संस्थेचं मोठं कॉलेज जळगावला होतं. तिथे ई-मेल आली होती. आता धुळ्यालाही ती आणायची असं संस्थाचालकांनी ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. मला ते हवंच होतं. अमळनेरचं आमचं भाड्याचं घर आईच्या मागे सुटलं होतं, भाऊ सुरतेला संसारात बुडाला होता, आणि साक्री रोडवरच्या माझ्या खोलीत संध्याकाळी सहानंतर माझ्याशी बोलणारं फक्त आकाशवाणीचं जळगाव केंद्र होतं. कामात जीव रमवायचा म्हणतात तसा मी तो अक्षरशः कोंबला.

आज कुणाला खरं वाटणार नाही, पण तेव्हा धुळ्याहून लिहिलेली ई-मेल लगेच जळगावला जात नसे. चोवीस तास फोन लावून ठेवणं परवडणारं नव्हतं. त्यामुळे आमचं यंत्र दिवसभराची पत्रं रांगेत लावून ठेवी आणि सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच अशा तीन वेळांना मोडेममधून जळगावला फोन लावी. फोन लागला की कर्रकर्र आवाज करत रांगेतली पत्रं तिकडे, तिकडची इकडे. नाही लागला तर पत्रं रांगेतच थांबत आणि पुढच्या वेळी पुन्हा प्रयत्न होई. एसटीसारखं होतं. गाडी चुकली तरी प्रवासी फलाटावर असतो, पुढच्या गाडीने जातो.

मात्र किती वेळ थांबायचं हे यंत्राला सांगून ठेवावं लागे. तेवढ्या मुदतीत पत्र गेलं नाही, तर यंत्र ते रांगेतून काढून लिहिणाऱ्याला परत करी. पुस्तकात ही मुदत पाच दिवस लिहिली होती. मी ते वाचलं आणि मला हसू आलं. पाच दिवस? पाच दिवसांत माणूस पायी जळगावला जाऊन येईल. ज्याला जायचंय ते एका दिवसात जाईल, नाही तर कशाला रांग अडवायची? शिवाय आमच्या यंत्राची डिस्क छोटी होती, ही सबब हाताशी होतीच. मी पाच खोडून एक केला. यंत्राने काही विचारलं नाही.

सगळं चालू झालं तेव्हा कार्यालयात पेढे वाटले. मला वाटलं, आता माणसं येऊन विचारतील, बसतील, बोलतील. माणसं आली, आपापला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून घेऊन गेली. खरोखर शिकायला बसले ते एकटे आबा.

आबा म्हणजे आमचे आवक-जावक लिपिक. कॉलेजात येणारं आणि कॉलेजातून जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या नोंदवहीतून जाई. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मोत्यासारखं अक्षर. तरुणपणी इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिलेली असल्याने कीबोर्डवर त्यांची बोटं माझ्यापेक्षा वेगाने चालत. पडद्यावर मराठी अक्षरं उमटायची सोय नव्हती, म्हणून मराठीच इंग्रजी अक्षरांत लिहायची हे त्यांना दहा मिनिटांत जमलं.

"ताई, हे पत्र मधे कोण वाचतं?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"कोणी नाही, आबा."

"पोस्टमन?"

"पोस्टमनच नाही यात."

"म्हणजे गल्लीत कुणाला कळत नाही," असं म्हणून त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

त्यांना असं का वाटलं ते अख्ख्या कार्यालयाला ठाऊक होतं, म्हणून मलाही होतं. आबांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी त्यांनीच वाढवली, शिकवली. ती आमच्याच संस्थेच्या जळगावच्या कॉलेजात शिकवायला लागली आणि तिथल्याच एका सहकाऱ्याशी, जातीबाहेर, तिने लग्न केलं. त्याला तीन वर्षं झाली होती. तिची निळी अंतर्देशीय पत्रं कॉलेजच्या पत्त्यावर येत. मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. आबांनी पत्र हातात घेतलं, उलटं करून पाठवणारीचं नाव वाचलं, त्या सुंदर अक्षरात पत्रावर "घेण्यास नकार" असं लिहिलं आणि पोस्टमनच्या हातात परत दिलं. मग पुढच्या पाकिटाची नोंद केली.

मला तेव्हा आबांचा राग आला होता. ज्याला लिहिणारं कुणी आहे त्याने पत्र परत करावं, आणि माझ्यासारखीने रोज जिन्यातली पेटी उघडून विजेचं बिल काढावं. हा काय न्याय झाला? पण आपण कोण बोलणार?

त्या वर्षी चैत्राच्या अखेरीस एक दिवस जळगावहून परिपत्रक आलं. दोन प्राध्यापकांना, पती-पत्नीला, कार्यमुक्त केल्याचं. दोघं नोकरीसाठी मस्कतला चालले होते. ते परिपत्रक आबांच्याच टेबलावर आलं आणि त्यांनीच त्याची नोंद केली. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. आखाजी चार-पाच दिवसांवर आली होती.

आखाजी म्हणजे अक्षयतृतीया, पण इतरत्र तिचं जे होतं ते खान्देशात होत नाही. आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. सासरच्या पोरी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस-पुरणपोळ्या खातात. पण पोरीने आपणहून यायचं नसतं. तिला घ्यायला माहेरचं माणूस जावं लागतं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला नाही तर पोर कितीही रडली तरी सासरीच राहते. माझ्या घरमालकीणबाईंच्या तीन मुली यायच्या होत्या. मला बघून त्यांना कीव आली असावी. "ताई, तुमले ना सासर ना माहेर," त्या म्हणाल्या, "तुमी आखाजी कशी करशात?" मी हसून वेळ मारून नेली. खोलीत जाऊन मात्र रडले. बाई मनाने वाईट नव्हत्या. खरं तेच बोलल्या होत्या.

त्या आठवड्यात सोमवारी संध्याकाळी पाचचा फोन लागला नाही. मंगळवारी तिन्ही वेळा नाही. जळगावला रस्ता खोदताना टेलिफोनची केबल तुटली होती. त्यात माझा काही दोष नव्हता, त्यामुळे मी निवांत होते. मंगळवारी दुपारनंतर एकदोन आणि बुधवारी सकाळपासून धडाधड परत आलेली पत्रं लोकांच्या पेट्यांत पडू लागली. प्राचार्यांची सूचना परत, ग्रंथपालांची यादी परत. परतीच्या कागदावर वर इंग्रजीत आकडे आणि आखूड शब्दांचा गोंधळ, आणि खाली आपलंच पत्र जसंच्या तसं. जो तो तो कागद छापून घेऊन माझ्याकडे येई. दुपारपर्यंत मी कावून गेले होते. "समोरून घेतलं नाही," एवढं एकच वाक्य मी सगळ्यांना फेकत होते. वाक्य चुकीचं नव्हतं.

आबा चारच्या सुमारास आले. त्यांच्याही हातात कागद होता, पण चार घड्या घातलेला. त्यांनी तो मला दाखवला नाही.

"ताई, हे परत आलं. म्हणजे काय झालं?"

मी पडद्यावरून मान वर केली नाही. "समोरून घेतलं नाही, आबा."

"घेतलंच नाही?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले. त्यांची पावलं दारापर्यंत गेलेली ऐकू आली. गुरुवारी दुपारी केबल जोडली गेली, एकच्या ठोक्याला मोडेम कर्रकर्रला आणि मी स्वतःवर खूश झाले. आबा गुरुवारी आणि शुक्रवारी रजेवर होते. सणाचं काही असेल असं मला वाटलं.

शनिवारी आखाजी. सकाळी आठलाच घरमालकीणबाईंच्या अंगणात झोका सुरू झाला. तिघी बहिणी आळीपाळीने बसत होत्या, आणि आई दारात बसून त्यांच्याकडे नुसती बघत होती. मला ते बघवेना. मी किल्ली घेतली आणि बंद कॉलेजात जाऊन बसले. काम काही नव्हतं, म्हणून पोस्टमास्तरची पेटी उघडली. यंत्राच्या लेखी धुळ्याची पोस्टमास्तर मी होते. परत गेलेल्या प्रत्येक पत्राची एक प्रत माझ्या पेटीत पडे. त्या मी कधी वाचत नसे. आज पुसून टाकायला म्हणून एकेक उघडत गेले, आणि पाचव्या-सहाव्या पत्राला हात थांबला. इंग्रजी अक्षरांतलं मराठी मी मनातल्या मनात नीट लावून वाचलं.

"चि. सौ. बेटीस अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघे परदेशी जाणार असे कागदोपत्री समजले. जाण्यापूर्वी आखाजीला ये. मुऱ्हाळी पाठवायला घरात दुसरे कोणी नाही, म्हणून शुक्रवारी सकाळी मी स्वतःच घ्यायला येतो. जावयांनाही आण. तू फक्त ये म्हण, म्हणजे निघतो. तुझी पत्रे परत केली ती माझी चूक झाली. उलट उत्तर दे. तुझे वडील."

पत्र मंगळवारी सकाळचं होतं. बुधवारी सकाळी, एक दिवस भरल्याबरोबर, माझ्या यंत्राने ते परत केलं होतं. पाचाचा आकडा पाचच राहिला असता तर गुरुवारी दुपारी ते तिच्या पेटीत पडलं असतं. मी बोटांवर दिवस मोजले. पुन्हा मोजले. मग मला माझं वाक्य आठवलं, आणि ते कुणाला ऐकवलं तेही. ज्या माणसाने तीन वर्षं स्वतःच्या हाताने "घेण्यास नकार" लिहिलं, त्याला त्या वाक्याचा दुसरा कुठला अर्थ लागणार होता? पोरीने फिट्टंफाट केली असंच त्यांना वाटलं असणार.

मी एकाचा पाच केला. ते पत्र पुन्हा रांगेत लावलं आणि हाताने फोन लावून जळगावला पाठवलं. मिनिटभरात पोचलं. पण सणाच्या दिवशी कॉलेजात येऊन ते बघणार कोण? म्हणून त्याची प्रत छापून पिशवीत घातली आणि स्टँड गाठला. आबांकडे आधी जायला हवं होतं, कळत होतं. धाडस झालं नाही. पोरीला घेऊनच त्यांच्या दारात उभं राहावं असा माझा बेत होता. मुऱ्हाळी बाईमाणूस नसतो, पण चूकही माझीच होती.

जळगावच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. उशिरा निघालेल्या लेकी, त्यांची मुलं, हिरव्या बांगड्या, आंब्याच्या करंड्या. पारोळ्याला थोड्या उतरल्या, एरंडोलला बऱ्याच. प्रत्येक फाट्यावर कुणी ना कुणी कुणाला घ्यायला आलेलं होतं. मी खिडकीतून वैशाखाची धूळ खात, तिला काय सांगायचं ते घोकत होते.

प्राध्यापकांच्या निवासस्थानांत तिचं घर शोधायला वेळ लागला नाही. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई पापड वाळत घालत होत्या.

"कालच गेले दोघं," त्या म्हणाल्या. "मुंबईच्या गाडीने. तुम्ही कोण त्यांच्या?"

मी धुळ्याहून आले, एवढंच सांगितलं. धुळं म्हटल्यावर बाईंनी हातातलं काम थांबवलं. "तिच्या वडिलांकडून का?" मी उत्तर द्यायच्या आत त्याच बोलू लागल्या. "दर आखाजीला ती दोन दिवस घर झाडून, डोक्यावरून अंघोळ करून तयार बसायची. कुणाची वाट बघते ते कधी बोलली नाही. यंदा गुरुवारची तिकिटं होती, ती तिने शुक्रवारची करून घेतली. नवरा चिडला, विमान चुकेल म्हणाला. तरी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत थांबली. रिक्षात बसतानासुद्धा फाटकाकडेच बघत होती."

मस्कतचा पत्ता त्यांना ठाऊक नव्हता. मी पाणी प्यायले आणि परत निघाले. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. सणाच्या दुपारी धुळ्याला जाणारं फारसं कुणी नव्हतं.

आबांच्या घरी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. ते ओट्यावर एकटेच बसले होते. मला बघून गडबडीने उठले, सदरा घातला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगायला लागले. केबल, रांग, मुदत, पाचाचा एक मी केला तो, न बघता बोललेलं वाक्य, आजची जळगावची फेरी. किती समजलं कोण जाणे. मी थांबल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, आणि कार्यालयात कधी न ऐकलेल्या त्यांच्या घरच्या बोलीत विचारलं.

"म्हणजे तिनी परत धाडं नही?"

"नाही, आबा. तिला ते मिळालंच नव्हतं. परत मी पाठवलं. माझ्या यंत्राने."

"तिनी नही धाडं." ते खाली बसले. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला मान खाली घालावी लागली. मी शिव्या खायला आले होते, आणि हा माणूस माझ्यावर खूश झाला होता. "बसा, ताई, बसा. जेवाले बसा. आखाजी शे, उपाशी कशा जाशात?" त्यांनी स्वतः रस काढला होता. पोळ्या शेजारून आल्या होत्या. मला पाटावर बसवून त्यांनी वाटी भरली आणि पोरीच्या लहानपणच्या गोष्टी सांगू लागले. ती झोक्यावरून पडली तेव्हाची, तिच्या पहिल्या नंबराची. तीन वर्षांत त्यांनी तिचं नाव काढलेलं कुणी ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते थांबायला तयार नव्हते. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मी लाज सोडून जेवत होते, आणि खरं सांगते, कित्येक महिन्यांत कुणी मला असं समोर बसून वाढलं नव्हतं.

इथेच मी उठून जायला हवं होतं का? अजून मला ठरवता आलेलं नाही.

"पन तुमी जयगावले जाई उनात," ते मधेच म्हणाले. "भेटनी का ती?"

"घर बंद होतं. काल गेले."

"गयी." त्यांनी मान हलवली. ते त्यांनी धरलेलंच असावं. "आनि पत्र? ते आते कोठे शे?"

"तिच्या पेटीत. जळगावच्या कॉलेजात."

"आते ते कोन वाची?"

"कोणी नाही, आबा."

मग मी शेजारच्या बाईंनी सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. पुढे ढकललेली तिकिटं, दर आखाजीला झाडलेलं घर, फाटकाकडे बघत रिक्षात बसणं. ते माझ्याजवळ ठेवून घ्यायचा मला हक्क नव्हता असं तेव्हा वाटलं. आबा वाटीकडे बघत ऐकत होते. चेहऱ्यावरचा उजेड कमी कमी होत गेला.

"तिनी नही म्हनं, आसं समजीसन मी चार दिन सोसं, ताई," ते शेवटी म्हणाले. "चार दिनमा माले आन्न गोड लागनं नही. तिनी तीन वरीस सोसं. आनि तेच समजीसन गयी."

ते उठले आणि तोंड धुवायला मागच्या दारी गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही.